पिकअपचं सेंट्रल लॉक बिघडलंय? मोटर विकत घ्यायच्या आधी दाराला कान लावा

दार लॉक होईना झालं की गिऱ्हाईक गाडीतून पुरतं खाली उतरायच्या आधीच सांगतं, "मोटर टाकून दे भो, गेली ती." मोटर म्हणजे दाराच्या आतला ॲक्च्युएटर. तो बाजारात सहज मिळतो, बदलायला फार वेळ लागत नाही, म्हणून सगळ्यांचा जीव त्याच्यावर. नवी मोटर टाकल्यावर दार चार दिवस चालतं, कधी तेवढंही चालत नाही. मग मोटरच डुप्लिकेट होती म्हणून पार्टवाल्याला शिव्या बसतात.

माझं म्हणणं असं आहे की जुन्या पिकअपच्या लॉकमध्ये मोटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या गाड्या शेतरस्त्यावर चालतात. पुढे ड्रायव्हर, मागच्या सीटवर केळी कापणारी टोळी, हौद्यात घड. दिवसभरात दार किती वेळा उघडतं आणि किती जोरात आपटतं याला सुमार नाही. त्यात काळ्या मातीची धूळ, मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि त्यानंतर लगेच पावसाळा. अशा गाडीत मोटरच्या आधी तीन जागा बिघडतात: बिजागरीजवळच्या रबरातली वायर, दार पकडून ठेवणाऱ्या लॅचमध्ये घट्ट बसलेली माती आणि गंजलेली अर्थिंग. मी गाड्यांच्या वायरिंगकडे वळण्याआधी विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचो. त्या धंद्यातून एवढंच बरोबर आलं की जळालेल्या तांब्याचा वास लांबून कळतो. दाराच्या मोटरीत तो वास फार क्वचित येतो.

पुढे सांगतो ते डबल केबिन असो की सिंगल, कंपनी कुठलीही असो, सगळीकडे लागू पडतं. कंपनीतून आलेलं सेंट्रल लॉक आणि नंतर बाहेरून बसवलेलं किट यांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या

दारातल्या साध्या मोटरला दोनच वायरी असतात. लॉक करताना एकीत प्लस येतो आणि दुसरी अर्थ असते. अनलॉक करताना हेच उलटं होतं, म्हणून मोटर उलटी फिरते आणि लॅचला जोडलेली सळी वर-खाली सरकते. बटण दाबलेलं नसताना दोन्ही वायरी अर्थलाच असतात. करंट येतो तोही अर्धा-एक सेकंदापुरता, की लगेच बंद.

हे डोक्यात बसलं की अर्धं निदान तिथेच होतं. एखादं दार लॉक होतं पण अनलॉक होत नाही असं गिऱ्हाईक सांगतं, तेव्हा बाकीची दारं नीट चालत असतील तर वायर तुटलेली असणं अवघड आहे. ज्या दोन वायरींनी लॉक केलं त्याच दोन वायरी अनलॉकही करतात. तिथे सळी अडकलेली असते, लॅच जड झालेला असतो किंवा मोटरच्या आतल्या प्लॅस्टिक गिअरचे दात गेलेले असतात. उलट, चारही दारं लॉक होतात आणि चारही अनलॉक होत नाहीत, असं असेल तर कुठल्याही दाराचा पॅड, म्हणजे आतलं झाकण, काढू नका. दोष युनिटमध्ये (डॅशबोर्डखालची, लॉक चालवणारी डबी), त्याच्या रिलेत म्हणजे आतल्या खटक्यात, किंवा ड्रायव्हरच्या दारातून युनिटकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वायरीत आहे.

आणखी एक, काम सुरू करायच्या आधीच: ड्रायव्हरकडची काच खाली करा आणि चावी खिशात ठेवा. तपासताना दारं आपोआप लॉक होतात, चावी आत राहते आणि मग मालक तारेचा हूक शोधत फिरतो.

बॅटरी आणि रिमोट

इंजिन चालू असताना लॉक दणक्यात बसतं आणि बंद असताना मरगळतं, तर दार सोडा, बॅटरीकडे जा. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीत साधारण 12.6 व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास. 12.2 च्या खाली असेल तर ती बॅटरी चार्ज करा आणि मगच पुढे या, नाहीतर प्रत्येक तपासणी खोटं बोलेल.

दारावरच्या बटणाने चालतं पण रिमोटने नाही, तर रिमोटचा सेल बदला. बाहेरून बसवलेल्या किटच्या रिमोटमध्ये बऱ्याचदा बारीक पेन्सिलसारखा 12 व्होल्टचा सेल असतो, तर कंपनीच्या रिमोटमध्ये गोल नाण्यासारखा 3 व्होल्टचा. आत कुठला आहे ते पाहून तोच आणा.

कान लावा

आता एकेका दाराला कान लावा आणि दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा. दुकानातला पंखा बंद, गाडीतलं गाणं बंद, इंजिन बंद.

जोरात "टक" ऐकू येतं पण दारावरचा लॉकचा नॉब हलत नाही, तर मोटर ठीक आहे. सळी क्लिपमधून निसटली आहे. "घुर्रर्र" असा मोकळा आवाज येतो, तर मोटर फिरते पण गिअर तुटलाय. ही मोटर मात्र बदलावीच लागेल. बारीक "टिक" होऊन थांबतं, म्हणजे एक तर करंट पुरेसा पोचत नाही किंवा पुढे लॅच जाम आहे. काहीच आवाज नाही, तर करंट पोचत नाही किंवा मोटर मेली, आणि या दोहोंतलं कुठलं ते टेस्ट लॅम्प सांगेल.

डॅशबोर्डखालचाही आवाज ऐका. बटण दाबल्यावर तिथे रिले खटकतो का? रिले खटकतो आणि सगळी दारं मुकी, तर सिग्नल युनिटपर्यंत येतोय, पण पुढे जात नाही. रिलेही गप्प असेल तर फ्यूज, युनिटची अर्थिंग किंवा बटण.

एक गोष्ट आमच्याकडे उन्हाळ्यात हमखास होते. दुपारी उन्हात उभी गाडी, ड्रायव्हर गंमत म्हणून किंवा वैतागून बटण दहा वेळा दाबतो आणि लॉक गप्प होतं. बऱ्याच मोटरींच्या आत एक संरक्षक तुकडा असतो. तो तापला की करंट अडवतो आणि गार झाला की पुन्हा सोडतो. पत्रा आधीच तापलेला असल्यावर त्याला फार वेळ लागत नाही. म्हणून तपासताना दोन दाबांमध्ये थोडं थांबा. सकाळी चालतं, दुपारी चालत नाही, अशी तक्रार आली तर गाडी सावलीत लावून तासाभराने पुन्हा बघा. तरीही तेच असेल तर तापलं की सुटणारा सांधा कुठेतरी आहे. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तो टेपखाली सापडतो. उन्हाने टेपचा डिंक वितळतो आणि नुसती पिळलेली वायर हळूहळू उघडी पडते.

टेस्ट लॅम्प, आणि एलईडी टेस्टर का नको

इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब घ्या, होल्डरमध्ये बसवा, दोन हातभर वायरी काढा, टोकांना पिन किंवा क्रोकोडाइल क्लिप लावा. याहून चांगलं हत्यार या कामाला नाही. डिजिटल मीटर माझ्याकडेही आहे, पण अर्धा सेकंद येणाऱ्या करंटचा आकडा तो धड दाखवत नाही, तोवर करंट गेलेला असतो. एलईडीचा टेस्टर तर इथे फसवतोच. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल तरी एलईडी झकास पेटतो, कारण त्याला करंट लागतोच किती. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास खेचतो. जोड खराब असला की तो मंद जळतो आणि खरं कळतं.

पॅड काढून (कसा ते पुढे येतं) बॅटरी परत जोडा, मोटरचा कपलर म्हणजे वायरींचा जोड सोडवा, लॅम्पची दोन टोकं त्या कपलरच्या दोन पिनांना लावा आणि बटण दाबा. लॉकला एक लखलखीत उजेड, अनलॉकला एक. दोन्ही वेळेस सारखा उजेड आला तर वायरिंग पास झालं. मंद आला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा तुटकी वायर आहे. शंका असेल तर हाच बल्ब थेट बॅटरीला लावून त्याचा पुरा उजेड एकदा डोळ्यांत भरून घ्या. अजिबात पेटला नाही तर रबराकडे चला.

पण हा बल्ब मोटरच्या कपलरवर आणि फ्यूजवरच लावायचा. कंपनीच्या वायरिंगमध्ये बटणाकडून युनिटकडे जाणाऱ्या वायरी नुसत्या सिग्नलच्या असतात. तिथे 21 वॉटचा भार टाकला तर युनिट जाऊ शकतं, आणि त्या युनिटची किंमत ऐकून मालक तुमच्याशी बोलणं सोडेल.

बिजागरीतलं रबर

दार आणि खांब यांच्यामध्ये पन्हळीचं रबर असतं, त्यातून सगळ्या वायरी दारात जातात. दार उघडलं की वायरी ताणतात, लावलं की दुमडतात, रोज, वर्षानुवर्षं. उन्हाने वरचं प्लॅस्टिक कडक होतं आणि आतलं तांबं एकेक तार करून तुटतं. वरून वायर अखंड दिसते हीच खरी गोम. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून आधी तेच.

त्याच दारात पॉवर विंडो किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल तर आणखी कशाची वाट बघायची नाही. नसेल तर असं करा: लॅम्प कपलरला लावून ठेवा, एका माणसाला बटण दाबत राहायला सांगा आणि तुम्ही दार हळूहळू उघडा-लावा करत रबर हाताने दाबा, वाकवा. एका ठरावीक कोनात उजेड येतो आणि जातो, तर वायर तिथेच तुटली आहे. दार उघडं असताना लॉक चालतं पण बंद केल्यावर नाही, किंवा उलटं, यातलाही निम्मा माल इथलाच. उरलेला निम्मा दाराच्या बसण्याचा, तो पुढे येतो.

रबर खांबाकडून सोडवा, मागे सारा आणि वायर एकेक करून दोन बोटांत धरून हलकी ओढा. तुटलेली वायर ताणली की लांब होते, चांगली वायर ताठ राहते. एक तुटली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. मी सगळ्याच बदलतो, मालक कुरकुरला तरी.

जोडायचं कसं, यावर थोडं थांबतो, कारण बहुतेक कामं इथेच वाया जातात. तुटल्या जागी, म्हणजे रबराच्या आतच, दोन टोकं पिळून टेप मारली की ती पहिल्या पावसापर्यंत टिकते. सांधा वाकणाऱ्या भागात येता कामा नये. जुना भाग कापून टाका आणि 1 चौरस मिलीमीटरची, बारीक तारांची मऊ वायर घाला. ती इतकी लांब घ्या की एक सांधा केबिनमध्ये खांबाच्या मागे येईल आणि दुसरा दाराच्या आत. झाळलेली वायर कडक होते, कारण झाळ तारांमधून वर चढते. ती वाकणाऱ्या जागी असली तर तिच्या शेजारीच पुन्हा तुटते. म्हणून झाळ मारायची असेल तर या दोन टोकांनाच मारा, वर स्लीव्ह चढवून गरम करा. सगळे सांधे एकाच जागी आणू नका, मागेपुढे ठेवा, नाहीतर गाठोडं होऊन रबरात जात नाही.

वायर रबरातून ओवायला सेंट्रिंगवाल्यांची बाइंडिंग तार घ्या. ती आधी रिकाम्या रबरातून पार करा, मग तिच्या टोकाला वायरी बांधून ओढा. रबर अडत असेल तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा, तेल लावू नका, तेलाने रबर फुगतं. शेवटी दार पूर्ण उघडून बघा, वायर कुठे ताणली जात नाही ना. ढील थोडी जास्तच ठेवा.

रंग जुळले नाहीत तर कापायच्या आधी दोन्ही टोकांना टेपचा तुकडा लावून नंबर टाका. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणंही चालतं.

अर्थिंग

युनिटची काळी वायर बहुधा ड्रायव्हरच्या पायाशी, साइडच्या प्लॅस्टिकमागे, पत्र्याला स्क्रूने टाइट केलेली असते. पावसात ओले पाय, चिखलाचे बूट, पायातली मॅट भिजलेली, त्यामुळे तिथे गंज धरणारच. स्क्रू काढा, पत्रा चमकेपर्यंत खरवडा, रिंग घासा, परत टाइट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. सगळीच दारं मरगळल्यासारखी चालत असतील तर पॅड उघडण्याआधी हे करून टाका. पैसे पडत नाहीत.

फ्यूज उडतोय

फ्यूज घातल्या घातल्या उडतो, की बटण दाबल्यावर? घातल्या घातल्या उडत असेल तर युनिटकडे येणारी प्लसची वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे. बटण दाबल्यावर उडत असेल तर दोष दारात. सगळ्या दारांचे कपलर काढा, नवा फ्यूज घाला, एकेक दार जोडत बटण दाबा. ज्या दाराला उडेल ते दार तुमचं. कपलर काढलेलं असतानाही उडत असेल तर रबरातली वायर सोललेली आहे.

फ्यूज जेवढ्याचा लिहिलाय तेवढाच टाका. निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. सिगरेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरीची तार गुंडाळून "काम चालू" केलेले फ्यूज मी बरेच काढले आहेत. त्यात फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

पॅड काढताना

 काच पूर्ण वर करा, मगच बॅटरीची मायनस वायर सोडवा. आता स्क्रू शोधा: आर्मरेस्टच्या खोबणीत, आतल्या हँडलच्या टोपणाखाली, आरशामागच्या तिकोनी प्लॅस्टिकखाली. जो सापडत नाही तोच पॅड फोडतो, म्हणून पॅड सुटत नसेल तर जोर लावू नका, स्क्रू राहिलाय. मग खालच्या कडेने चपटं प्लॅस्टिक घालून क्लिपा एकेक सोडवा. जुन्या क्लिपा चिवट नसतात, चार-पाच जादा आणून ठेवा.

आत प्लॅस्टिकचा पडदा डिंकाने चिकटवलेला असतो. तो टराटरा फाडू नका. काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आत येतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो पडदा नसला की तेच पाणी पॅडवर, स्पीकरवर आणि कपलरवर येतं. पावसाळ्यातच लॉक बिघडतं अशा गाड्यांचे पॅड काढले की बहुधा पडद्याजागी काहीच नसतं. आधीच्या कुणीतरी तो काढून फेकलेला असतो.

मोटर थेट तपासा

कपलर काढलेल्या मोटरला बॅटरीपासून दोन वायरी द्या, मधे 10 अँपिअरचा फ्यूज. ही तपासणी मोटरच्या पिनांवर करायची, गाडीच्या वायरिंगच्या बाजूला थेट बॅटरी द्यायची नाही. एक क्षण टेकवा, सळी एका बाजूला गेली पाहिजे. वायरी उलट्या करून टेकवा, दुसऱ्या बाजूला. टेकवून धरून ठेवू नका, मोटर तापते. दोन्हीकडे ताकदीने गेली तर मोटर पास, ती बदलून काही मिळणार नाही. नंतर सळी मोटरपासून सोडवा आणि हाताने लॅचचा दांडा हलवून बघा. बोटाने सहज हलला नाही तर ती इवलीशी मोटर तरी तो कसा हलवणार?

लॅच

लॅचमध्ये जे निघतं ते ग्रीस आणि धूळ मिळून झालेलं काळं पीठ असतं. कापसाच्या दिवसांत पिकअप कापूस वाहते, त्याचे तंतूही त्यात बसतात. जळालेलं ऑइल किंवा डिझेल टाकू नका. त्या दिवशी मऊ वाटतं, पण पुढची धूळ तेच धरून ठेवतं. गंज सोडवणारा स्प्रे मारा, दांडा हलवत राहा, काळं पाणी निघून जाऊ द्या, फडक्याने पुसा. कोरडं झाल्यावर पांढरं ग्रीस थोडंसं लावा. चावीच्या छिद्रात ग्रीस घालायचं नाही, तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड.

लॅच तपासायची एक युक्ती आहे, ती करा. दार उघडंच ठेवा, स्क्रू ड्रायव्हरने लॅचची जीभ आत ढकलून बंद करा, जणू दार लागलंय. आता लॉक-अनलॉक करा. उघड्या दारात व्यवस्थित चालतं आणि दार लावल्यावर अडतं, तर मोटर, वायर, लॅच सगळं निर्दोष आहे. दार खाली बसलंय. पिकअपमध्ये चढताना माणसं दाराला धरून वर येतात, बिजागरीची पिन झिजते, दार कलतं आणि लॅच खांबावरच्या स्ट्रायकरला (लॅच ज्याला पकडतो तो आकडा) वाकडा भिडतो. उघडं दार दोन्ही हातांनी वर उचलून बघा, खेळ हाताला लागेल. स्ट्रायकर सैल करून किंचित खाली सरकवला तर तात्पुरतं भागतं. खरी दुरुस्ती पिन आणि बुशची.

ही युक्ती झाल्यावर हँडल ओढून जीभ मोकळी करायची, मगच दार लावायचं. विसरून दार आपटलं तर जीभ आणि स्ट्रायकर दोन्ही वाकतात.

मागच्या दारांबाबत एवढंच. "आतून उघडतच नही, लॉक गेलं," असं सांगत एक आप्पा आले होते, मागे बसणाऱ्या मजुरांना खिडकीतून हात घालून बाहेरून दार उघडावं लागत होतं. दाराच्या कडेला लॅचशेजारी चाइल्ड लॉकचा बारीक खटका असतो. टोळीतल्या कुणाचं तरी बोट लागून तो खाली गेला होता. त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्यांनी पाजला.

बाहेरून बसवलेलं किट

आपल्याकडच्या जुन्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मास्टर मोटर, बाकी दारांत दोन वायरींच्या, आणि डॅशखाली डबीएवढं युनिट. पाचांतल्या दोन, बहुतेक किटमध्ये निळी आणि हिरवी, मोटरच्या. उरलेल्या तीन म्हणजे आतलं छोटं बटण: काळी अर्थ, पांढरी आणि तपकिरी सिग्नल. चावी फिरवली किंवा नॉब दाबला की ते बटण युनिटला कळवतं आणि युनिट बाकीची दारं हलवतं.

या किटचा ठरलेला आजार म्हणजे लॉक बसतं आणि लगेच आपोआप उघडतं. लोक युनिट बदलतात. पण बहुतेकदा दोष मास्टर मोटरच्या बसवणीत असतो. सळी पूर्ण खाली जायच्या आधीच अडली, की आतलं बटण मधेच लटकतं किंवा मागे उसळतं, आणि युनिटला वाटतं कुणी तरी अनलॉक केलं. तपासायला मास्टरचा कपलर काढा आणि युनिटकडून येणारी तपकिरी वायर काळीला क्षणभर टेकवा, मग पांढरी टेकवा. एकीने बाकीची दारं लॉक होतील, दुसरीने अनलॉक. दणक्यात चालली आणि परत उघडली नाहीत, तर युनिट चांगलं आहे. मास्टरचे दोन स्क्रू सैल करून मोटर थोडी वर-खाली सरकवा, नॉब दोन्ही टोकांना पूर्ण जाईल अशा जागी पक्की करा. तरी नाही झालं तर मास्टर बदला, तीही एकटीच. ही टेकवाटेकवी किटवरच करायची. कंपनीच्या वायरिंगला हात लावायचा नाही.

युनिट कुठे चिकटवलंय तेही बघा. समोरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत असेल आणि युनिट बरोबर खाली असेल, तर कितीही युनिटं बदला. तोंड खाली करून, वायरी खालच्या बाजूने निघतील असं ते उंचावर बांधा.

परत लावताना

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. शेतातल्या गाडीत ती मातीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा आणि मगभर पाणी काचेच्या कडेने ओतून खाली निघतंय का बघा. पाणी साचलं की तळाचा पत्रा सडतो आणि खाली बसवलेला कपलर हिरवा पडतो. कपलर हिरवा असेल तर ब्रशने घासून, पिना थोड्या घट्ट करून, वर टांगून बांधा.

पडदा परत चिकटवा. जुना फाटला असेल तर ठिबकचे पाइप किंवा खताच्या पोत्याचं आतलं प्लॅस्टिक ज्या घरात आहे, त्या घरात जाड प्लॅस्टिकच्या कागदाची कमी नसते. मापाने कापा आणि कडेने सगळीकडे डिंक लावा, खालची कड मात्र दाराच्या आत वळवा म्हणजे पाणी आतच उतरेल.

पॅडचा एकही स्क्रू लावायच्या आधी बॅटरी जोडा, काच पूर्ण खाली-वर करा आणि काच खाली असतानाच लॉक-अनलॉक करून बघा. नवी वायर किंवा सरकवलेली सळी काचेच्या वाटेत येत असेल तर ते आत्ताच कळतं. नाहीतर सगळा पॅड पुन्हा काढावा लागतो, आणि जुन्या क्लिपा दुसऱ्यांदा निघताना हमखास तुटतात.